म्हशीने पाडलेली गाडी

काळुरामने मोटारसायकल अंगणाच्या मधोमध उभी केली होती आणि तो स्वतः तिच्या डाव्या अंगाला असा चिकटून उभा होता, की पाहुण्यांनी उजवीकडूनच बघायला सुरुवात करावी.

"बगा, निवांत बगा," तो म्हणाला. "आपल्याकडं लपवाछपवी नाय. दिवाळीच्या टायमाला भिसे खिंडीत म्हैस आडवी आली नि गाडी पडली. पुढचं मडगार्ड रंगवलंय, लेगगार्ड सरळ करून घेतलाय. बाकी तिला साधा ओरखडासुद्धा नाय."

त्याची बायको हौसा दारात उंबऱ्याशी उभी होती. "एकदाच पडली," तिनेही दुजोरा दिला. "पण मीच म्हटलं, इकून टाका. पडलेल्या गाडीवर माझा जीव बसत नाय. आजच्या आज नेलीत तरी चालंल."

पाहुणे दोघे होते. रोह्याच्या स्टँडवर एसटीतून उतरून, पूल ओलांडून, पलीकडच्या अष्टमी गावातलं हे घर विचारत विचारत भर वैशाखाच्या उन्हात आलेले. त्यातला गाडी घेणारा हिरामण. हा हमरापूरचा. पेणजवळच्या त्या गावात घरोघर गणपती होतात. कुणी साचे भरतो, कुणी पितांबर रंगवतो, पण डोळ्यांची आखणी सगळ्यांच्या हातात नसते. हिरामण डोळे आखायचा. त्याने बुबुळ टेकवलं की मूर्ती समोरच्याकडे बघायला लागायची.

त्याची अडचण मूर्ती गावाबाहेर पडल्यावर सुरू व्हायची. ट्रकात बसून गावोगाव जाताना कुणाचा कान दुखावे, कुणाच्या मुकुटाचं टोक उडे. व्यापाऱ्याचा निरोप आला की हिरामण रंगाची पिशवी घेऊन एसटी गाठायला धावे. गेल्या वर्षी माणगावला पोचायला त्याला उशीर झाला, तेवढ्यात तिथल्या व्यापाऱ्याने दुकानाच्या पाट्या रंगवणारा एक माणूस धरून आणला आणि त्याच्याकडून दुरुस्ती उरकून घेतली. त्या दुकानातले गणपती मग गिऱ्हाइकाकडे न बघता शेजारच्या चपलांच्या दुकानाकडे बघू लागले. बोल लागला तो हिरामणला. मोठं काम हातचं गेलं. "एक तर गाडी घ्या, नायतर लांबची कामं सोडा," असं पुतळीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तेव्हाच सांगून टाकलं होतं.

नवी गाडी आवाक्याबाहेर होती. तेव्हा पुतळीचा भाऊ पोपट पुढे सरसावला. पोपट पेणला हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता. दुकानात स्क्रू त्याच्या हातून विकले जात, त्यामुळे ज्या ज्या वस्तूला स्क्रू लागतो त्या सगळ्यातलं आपल्याला कळतं, असा त्याचा समज झाला होता.

"भावोजी, अपघातातली गाडी घ्यायची," तो म्हणाला होता. "निम्म्यात पडते. फक्त बघता यायला पायजे. आणि बघायला मी हाय."

आता तो बघत होता. आधी त्याने टाकीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कलिंगडवाल्यासारखा कान लावला. मग खिशातून सुतळी काढली, तिचं एक टोक काळुरामच्या हातात दिलं आणि मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरून एक डोळा मिटला. चाकं एका रेषेत होती. किक मारली, तर गाडी पहिल्या किकेला सुरू झाली आणि एकसुरात बोलत राहिली. पोपटला एकही खोड सापडली नाही, आणि त्यामुळे तो अगदी हिरमुसला.

त्याने हिरामणला आंब्याखाली बाजूला घेतलं. "माल चांगला हाय. चेसिस सरळ, इंजिन ठणठणीत. पण भावोजी, खोड निघाल्याबिगर किंमत उतरायची नाय. तुम्ही पण काय तरी नाव ठेवा की!"

"मला गाडीतलं काय कळतंय?"

"कळायला कशाला लागतं? नुसतं बसा आणि मान हलवा."

हिरामण गाडीजवळ जाऊन उकिडवा बसला. मान हलवायची म्हणून त्याने हलवलीही. पण मग त्याची नजर पुढच्या मडगार्डवर गेली, तिथून टाकीवर, आणि मान हलायची थांबली. त्याने टाकीवरून तळवा फिरवला. डोळे बारीक केले. पुन्हा मडगार्डकडे बघितलं.

"हा काळा आणि हा काळा एक नाय," तो म्हणाला.

तो सहज बोलला होता. रोजचीच सवय, आठ-दहा माणसांनी रंगवलेल्या मूर्ती ओळीने मांडल्या की कुणाचा हात कुठे लागलाय ते तो लांबून सांगत असे. काळुराम मात्र एकदम दचकला. "काळा तो काळा. त्यात काय एक नि दोन?"

"तसं नाय दादा. मडगार्डवरचा तपकिरीकडं झुकतोय. तो नवा हाय. टाकीच्या या डाव्या बाजूचा निळसर हाय, आणि तो उन्हानं उडालेला. खाली खड्ड्यात लांबी, म्हंजे पुट्टी, भरून घासलीय. ह्यो रंग म्हशीच्या बऱ्याच आधीचा. रंगारी पण वेगळा."

पोपटने टाळीच वाजवली. "म्हंजे गाडी दोनदा पडली! ऐका, दोन अपघात! आता बोला किंमत."

"दोनदा?" दारातून आवाज आला. हौसा पायरी उतरून खाली आली होती.

काळुराम तिच्या पाठीमागून हिरामणला डोळ्यांनी काहीतरी सांगत होता. ते डोळे आखलेले नसले तरी हिरामणला नीट कळले. तो गडबडून म्हणाला, "नाय, तसं... रंगाचं काय सांगता येत नाय वहिनी. कधी कधी डब्यातच फरक असतो."

"दादा, तुम्ही गणपतीचे डोळे काढता ना?" हौसा म्हणाली. "मग जे दिसलं ते सांगा."

असं म्हटल्यावर हिरामणची पंचाईत झाली. तो खाली बघत पुटपुटला, "गेल्या पावसाच्या आधीचं काम वाटतंय. माघ-फाल्गुनातलं."

हौसाने मनाशी माघ-फाल्गुन आठवायला घेतले, आणि काळुरामच्या कपाळावर घाम जमू लागला. ती नवऱ्याकडे वळली. "त्या माघात तुम्ही वरसेला गेला होतात. तुमच्या बहिणीला ताप आला म्हणून. आणि येताना म्हणालात, भिंतीला खांदा घासला, म्हणून शर्ट फाटला."

काळुरामचा हात आपसूक खांद्याकडे गेला. मग म्हणाला, "अलिबागला कबड्डीची फायनल होती."

"मी ताईंसाठी डब्यात पेज दिली होती!"

"ती मी मैदानावर खाल्ली. चांगली झाली होती."

एव्हाना शेजारची बायजाबाई सुपारी कातरत ओट्यावर येऊन बसली होती. म्हातारीला ऐकू कमी यायचं, पण भांडण असलं की तिला सगळं स्पष्ट ऐकू येई. "काय झालं गो हौसा?"

"काय नाय मावशी. यांच्या बहिणीचा ताप उतरतोय."

काळुरामने हिरामणला दंडाला धरून गाडीच्या पलीकडे नेलं, तर हिरामण सवयीने तिथेही उकिडवा बसला. "पाव्हणं, मी अजून कमी करतो," तो कुजबुजला. "पण आता उठा. व्यवहार करून टाकू." पोपटने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. दुकानात इतकी वर्षं घासाघीस करून त्याला जे जमलं नव्हतं ते भावोजींनी नुसतं उकिडवं बसून केलं होतं.

"उठू नका, भावोजी," तो म्हणाला. "ही बाजू राहिलीय."

ही बाजू म्हणजे उजवी. जिच्यावर काळुरामने सुरुवातीपासून भिस्त ठेवली होती, ती. सीटखालच्या पत्र्यावर हिरामणने बोट ठेवलं मात्र, आणि त्याला बोलावं लागलंच नाही. रंग इतका जाड होता, की ब्रशचे केस त्यात अडकून तसेच वाळले होते.

"हा गाडीचा रंगच नाय," पोपट ओरडला. या एका गोष्टीतलं त्याला खरोखर कळत होतं. "ह्यो दाराखिडक्यांना लावायचा ऑइलपेंट! आमच्या दुकानात मिळतो."

"जगनच्या दाराला असाच लावलाय बघ," बायजाबाई ओट्यावरून म्हणाली. "काळाकुट्ट. मी म्हटलंसुद्धा त्याला, दार हाय का तवा हाय?"

जगन म्हणजे काळुरामचा कंपनीतला दोस्त, तीन घरं सोडून राहणारा. त्याच्या हातात गाडी द्यायची नाही, असं हौसाने नवऱ्याला ग्रामदेवतेची शपथ घालून बजावलं होतं. कारण जगन सायकलसुद्धा दुसऱ्याच्या अंगावर घालायचा. कुंपणापलीकडे एक डोकं मघापासून दिसत होतं. ते हळूच खाली गेलं.

"दिली होतीत गाडी जगनला?"

"एकदाच. त्याला सासुरवाडीला जायचं होतं."

"मग?"

"तो गेला सासुरवाडीला. गाडी बांधावरनं शेतात गेली."

हौसा कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता, वाईटही वाटलं होतं. पण हिरामण रंग बघता बघता सरकत आता गाडीच्या मागच्या बाजूला आला होता, आणि ते लक्षात आल्याबरोबर हौसाचा आवाज एकदम मऊ झाला.

"जाऊ दे. झालं ते झालं," ती म्हणाली. "ऊन वाढलंय. पाव्हणं कधीचे आलेत, पाणीसुद्धा नाय दिलं मी. चला दादा, आत चला. चहा टाकते."

हिरामण सुटल्यासारखा उठू लागला. पण काळुरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं. ज्याचं सगळं उघडं पडलंय त्या माणसाला येतो तसा एक मोठेपणा त्याला आला होता.

"नाय नाय," तो म्हणाला. "आता सगळंच होऊन जाऊ दे. मागं पण बगा. मागं कायबी झालेलं नाय. छातीवर हात ठेवून सांगतो, मागच्या मडगार्डला माझ्याकडनं कधी धक्का लागलेला नाय."

"राहू दे की वो," हौसा म्हणाली.

"का राहू दे? एक तरी जागा माझ्या बाजूची निघू दे!"

हिरामणने मागच्या दिव्याखाली बघितलं. तिथे पत्रा वाटीएवढा आत गेलेला असावा, पण खड्डा कुणीतरी भरला होता. वरून काळं केलं होतं. ते चमकत नव्हतं. त्याने नखाने अलगद खरवडलं. नखात मेण आलं. बोट नाकाशी नेलं आणि तो विचारात पडला. हा वास त्याच्या घरात रोजचा होता.

"मेणबत्तीच्या मेणानं भरलंय," तो सावकाश म्हणाला. "आणि वरचा रंग... हा रंग नाय. काजळ हाय. घरी धरलेलं, तुपावरचं."

"काजळ?" काळुराम म्हणाला. "मी कशाला गाडीला काजळ लावू?"

पोपटने हौसाकडे बघितलं. बायजाबाईने अडकित्ता खाली ठेवून हौसाकडे बघितलं. सगळ्यात शेवटी काळुरामने बघितलं. हौसाच्या डोळ्यांत काजळ होतं, ठसठशीत, आणि ते डोळे या वेळी जमिनीकडे लागले होते.

"उतारावर मागं गेली," ती म्हणाली. "ब्रेक घावलाच नाय."

"कुणाला घावला नाय?"

"मला."

"तू गाडी चालवतेस?"

"तुम्ही फस्ट शिफ्टला कंपनीच्या बसनं जाता. गाडी इथंच असते." हौसा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आधी अंगणातल्या अंगणात. मग शेताच्या रस्त्यानं. त्या दिवशी आणून लावत होते, तर मागं मागं जात ती..." तिने मान वर केली आणि शेजारच्या अंगणाकडे बघितलं. तिथे बायजाबाईचं तुळशीवृंदावन होतं, आणि त्याचा एक कोपरा उडालेला होता.

हे समजायला म्हातारीला जरा वेळ लागला. मग ती उभीच राहिली. "अगो माझ्या कर्मा! मी त्या दूधवाल्याच्या गायीचं नाव घेतलं! संक्रांतीपासनं त्याच्याशी बोलत नाय मी. दूध लांबून आणते, पाय दुखतात तरी. ती गरीब गाय माझ्याकडं बघायची, आणि मी तिला काठी दाखवायची!"

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. काजळ ओघळलं. काळुरामने हे सगळं बघितलं, आणि त्याला खरं म्हणजे आता बोलायची संधी होती. कबड्डी, पेज, जगन, सगळ्याची परतफेड एका दमात झाली असती. त्याने तोंड उघडलं आणि विचारलं, "कितव्या गिअरपर्यंत जातेस?"

"तिसऱ्या."

"एकटी?"

"मग काय जगनला घेऊन?"

काळुराम हसला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने. आणि हौसा रडता रडता त्याच्यात सामील झाली. "तरीच तू इकायची घाई केलीस!" तो म्हणाला. "मी म्हटलं, म्हशीला एवढी काय घाबरली?"

"आणि तुम्ही एका शब्दात कबूल झालात. मला वाटलं, माझ्या जिवासाठी."

दोघे पायरीवर बसले. काळुरामने गाडीकडे बघितलं. त्याच्या कपाळावर हळूहळू आठी पडली. "मग," त्याने विचारलं, "आता आपण गाडी इकतोय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर पोपटने तावातावाने दिलं. शब्द म्हणजे शब्द, किंमत उतरलेली आहे, एसटीचं भाडं गेलंय, सुतळी आणलीय. पण ज्यांना तो हे सांगत होता ती दोघं एकमेकांना गिअरबद्दल विचारत होती. रंगात आपलं बोट गेलं नसतं तर या घडीला गाडी आपली असती, हे हिरामणला कळत होतं. पुतळीला काय सांगायचं? गाडी चांगली होती, पण तिच्यावर मेण निघालं म्हणून?

त्याला करण्यासारखं दुसरं काही सुचेना, म्हणून तो उठला आणि बायजाबाईच्या वृंदावनाचा कोपरा बघायला गेला. जगनच्या घरी सिमेंट होतं. कुंपणापलीकडून ते मुकाट्याने पुढे आलं. हिरामणने कोपरा बसवला, ओल्या सिमेंटवर चमच्याच्या दांड्याने जुनी वेलबुट्टी जुळवली, तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारी लगेच काठी घेऊन दूधवाल्याकडे समेट करायला निघाली. जेवणं झाली. हौसाने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. पोपटने रागारागात तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवण उरकताना हौसानेच विषय काढला. "दादा, गाडी आमची आमच्याकडं राहू दे. पण हे असे चार काळे घेऊन ती फिरायची कशी? तुम्ही तिला एकसारखी रंगवून द्याल?"

"देईन की वहिनी. पण आता सीझन आला. गौरीगणपती होईपर्यंत माझा हात मोकळा नाय."

"मग तोवर गाडी तुमच्याकडंच राहू दे. तुमची लांबची कामं हायत ना? वापरा. सीझन झाला की रंगवा आणि निरोप धाडा. रंगाचं तुम्ही मागू नका, वापराचं आम्ही मागत नाय."

"आणि मी?" काळुरामने विचारलं.

"तुम्हाला कंपनीची बस हाय," हौसा म्हणाली. "आणि कबड्डी पुढच्या माघात."

संध्याकाळी मेहुणे-मेहुणे त्याच गाडीवरून पेणकडे निघाले. भिसे खिंडीत पोपट म्हणाला, की असा सौदा जमवायला डोकं लागतं. हिरामणने त्याला विरोध केला नाही.

तो सीझन हिरामणला चांगला गेला. नागोठण्याला सोंड दुखावली, हिरामण जेवणाच्या आत हजर. मुरुडला मुकुट उडाला, हिरामण संध्याकाळच्या गिऱ्हाइकाच्या आधी तिथे. माणगावच्या व्यापाऱ्यानेसुद्धा दोनदा निरोप पाठवला, आणि हिरामणने जाऊन त्याच्याकडचे गणपती सरळ समोर बघायला लावले. विसर्जन झालं, सर्वपित्री झाली, मग त्याने गाडी सुटी करून पूर्ण खरवडली आणि काळा रंग असा दिला, की उभं राहिलं तर त्यात आपलं तोंड दिसावं.

निरोप मिळाल्यावर काळुराम आणि हौसा हमरापूरला आली. गाडी कारखान्यापुढे मूर्तीसारखी पाटावर उभी होती. काळुराम तिच्याभोवती दोनदा फिरला. हौसाने टाकीवरून हात फिरवला, वाकून सीटखाली बघितलं, मागे जाऊन दिव्याखाली बोटं फिरवली. कुठे काही लागत नव्हतं.

"चहा घ्या," पुतळी बशी पुढे करत म्हणाली. ती या दोघांना पहिल्यांदाच भेटत होती, आणि गप्पा कुठूनतरी सुरू कराव्यात म्हणून बोलत होती. "गाडी चांगली हो तुमची. आम्ही दोघं वडखळच्या वळणावर खडीवर घसरलो, चांगले रस्त्याच्या कडेपर्यंत गेलो, पण चालू मात्र पहिल्या किकेला झाली."

हिरामणने तिला डोळ्यांनी खुणावलं.

"घसरलात?" हौसा म्हणाली. "कवा?"

"नागपंचमीला. यांनी सांगितलं नाय?"

हिरामण आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. काळुरामचा चेहरा मात्र असा फुलला, जणू त्याला हरवलेला भाऊ सापडला. तो गाडीजवळ जाऊन बसला. त्याने डावी बाजू बघितली, उजवी बघितली, उन्हाकडे तिरकं करून बघितलं. पत्र्यावर गाल टेकवून बघितलं. मग हरून विचारलं, "कुठं लागलं होतं?"

हिरामणने खालमानेने बोट दाखवलं. काळुरामने त्या जागेवर तळवा ठेवला. मग नख लावून पाहिलं. जागा सांगूनसुद्धा सापडत नव्हती. हौसाही वाकली, आणि तिलाही सापडली नाही.

"वा!" काळुराम अगदी मनापासून म्हणाला. "याला म्हणतात काम. आता पुढच्या वेळेला सरळ तुमच्याकडंच घेऊन येतो."

हौसा हळूच सरळ उभी राहिली.

"पुढच्या वेळेला म्हंजे?"